मयेकरांच्या हॉलमधला सांगाडा

सांगाडा बोलतोय म्हटल्यावर तुम्ही आधी दिवा लावला असेल. लावा, मी थांबतो. मला घाई नाही, आणि पोटच नसल्यामुळे जेवणाची वेळही टळत नाही.

सुरुवातीलाच सांगतो, मी कधीही कोणी मेलेला माणूस नव्हतो. लोकांचा फार गैरसमज होतो. कोणी माझ्याकडे बघून "बिचारा" म्हणतं, कोणी नमस्कार करतं. मी प्लास्टिकचा आहे. नात्याने बादली, टब आणि लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या यांचा सख्खा भाऊ. उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यात माझी कवटी एका साच्यातून निघाली, बरगड्या दुसऱ्यातून, आणि हातापायांची हाडं पोत्यातून आली. मला जोडणाऱ्या माणसाचं लक्ष त्या दिवशी क्रिकेटच्या मॅचवर असावं, कारण त्याने मला दोन्ही पावलं डावी लावली. उभा असतो तोवर ते कोणाच्या लक्षात येत नाही. चाललो असतो तर मात्र गोल गोल फिरत राहिलो असतो.

माझी पहिली नोकरी भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरच्या एका कोचिंग क्लासात होती. बाहेर मोठा फलक होता, 'मूल तुमचं, डॉक्टर आमचा'. मला दाराशी उभं केलं होतं. माझं काम एवढंच, की आलेल्या पालकांना भरवसा वाटावा. आया माझ्याकडे बघून नवऱ्यांना म्हणायच्या, "सामान तरी चांगलं आहे हो यांच्याकडे." शिकवण्यासाठी मला कोणी बोट लावलं नाही. एका सरांनी पावसाळाभर माझ्या खांद्यावर छत्री टांगली, तेवढाच माझा शिक्षणाशी संबंध. पुढे क्लासच्या मालकांना मोबाइलच्या कव्हरांच्या धंद्यात जास्त भविष्य दिसलं. बाकं विकली गेली, पंखे विकले गेले, आणि मी जिन्याखाली आलो. तिथे कुत्री मला हुंगायला यायची आणि हिरमुसून परत जायची.

तिथेच मला गुणवंत मयेकरांनी पाहिलं.

गुणवंतराव म्हणजे परळहून भाईंदरला राहायला आलेला, नाकासमोर चालणारा माणूस. बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात डिस्चार्जच्या खिडकीवर बसतात. सारा जन्म त्यांनी काचेमागून डॉक्टर जाताना पाहिले. डॉक्टर आले की लोक उठून उभे राहतात. गुणवंतराव दिसले की लोक विचारतात, "अजून किती वेळ लागणार?" या माणसाला एकच मुलगी होती, समीक्षा, तेव्हा आठवीत. तिला डॉक्टर करायचं हे तिच्या बारशालाच ठरलं होतं. नावाच्या आधी 'डॉ.' लावून कसं वाटतं ते बघूनच म्हणे नाव ठेवलं होतं.

मला बघून त्यांचे डोळे असे चमकले, की माझ्या आजवरच्या आयुष्यात माझ्याकडे तसं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला मिठीत उचललं आणि थेट शेअर रिक्षात बसवलं. शेजारी आधीच एक बाई बसल्या होत्या. त्यांनी बाजूला पाहिलं, आणि काही न बोलता चालत्या रिक्षातून उतरायचा प्रयत्न केला.

"ये भी पॅसेंजर है क्या?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"बेटी के लिए है," गुणवंतराव म्हणाले.

"दहेज में?" रिक्षावाला म्हणाला, आणि फाटकापर्यंत हसत राहिला.

घराचं दार शुभदावहिनींनी उघडलं. हातात झारा होता. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

"हा आत येणार नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, समीच्या अभ्यासासाठी."

"समीला अजून गुणाकार नीट येत नाहीत."

"डॉक्टरला गुणाकार लागत नाहीत. डॉक्टरला हाडं लागतात."

मी आत आलो. फ्रिज आणि टीव्ही यांच्यामध्ये मला जागा मिळाली. पहिल्या आठवड्यात शुभदावहिनी माझ्याकडे पाठ करून टीव्ही बघत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातावर ओला टॉवेल वाळत घातला, आणि आमचा समेट झाला. त्या मला 'पाहुणे' म्हणू लागल्या. "पाहुणे, जरा सरका, केर काढायचाय." मला हे नाव आवडलं. पाहुण्याला परत जा म्हणता येत नाही.

समोरच्या दारात धर्मेशभाई शाह राहायचे. केबिन रोडवर त्यांचं भांड्यांचं दुकान. ते पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्यावरच थबकले. "मयेकरभाय, आ शुं लाव्या?" म्हणाले आणि तिथूनच परत गेले. संध्याकाळी येऊन त्यांनी माझ्या मनगटाला लिंबू-मिरची बांधली. "माझ्यासाठी नाय," ते म्हणाले, "त्याच्यासाठी. एवढा वाळलाय, कोणाची तरी नजर लागली असेल."

शुभदावहिनींची रखमामावशी चेणे गावाहून भाजी घेऊन यायची. तिला दिसायचं कमी. पहिल्यांदा आली तेव्हा तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि भाचीला झापलं.

"शुबदा, यो कोन हाय गो? जेवन देत न्हाय का याला? कवरा बारीक झालाय!"

"मावशी, तो खोटा आहे."

"खोटा असंल, तरी भूक खोटी नसतं," मावशी म्हणाली, आणि माझ्या हातात तिने आणलेली एक काकडी दिली. ती काकडी दोन दिवस माझ्या हातात होती. शेवटी वहिनींनी कोशिंबीर केली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे अभ्यासाकडे.

रोज सकाळी गुणवंतराव तोंडात ब्रश धरून माझ्यासमोर उभे राहायचे. समीक्षाला समोर बसवायचे आणि ब्रशनेच माझ्या हाडांवर टकटक करायचे.

"ही?"

"बाबा, फेस पडतोय त्याच्यावर."

"ही कोण ते सांग."

"गळ्याजवळची... कॉलर."

"क्लॅव्हिकल! आणि ही? टिबिया! तिच्या शेजारी कोण? फिब्युला! आणि हे बघ, हे मनगटातलं छोटंसं, नावेसारखं. स्कॅफॉइड! किती गोड नाव आहे की नाही?"

समीक्षाला ते गोड वाटत नव्हतं. तिला ते आठवतही नसे. गुणवंतरावांना मात्र दोनशे सहाच्या दोनशे सहा हाडं तोंडपाठ होती. आंघोळ करतानाही ते हाडांची नावं आरतीच्या चालीत म्हणत. माझी दोन्ही पावलं डावी आहेत हे जगात पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. त्या दिवशी ते इतके खूश झाले की ऑफिसला उशिरा गेले.

एका रविवारी नारळ खोवताना वहिनींचं बोट खवणीवर कापलं. रक्त पाहिल्याबरोबर समीक्षाचे डोळे पांढरे झाले, आणि ती सरळ माझ्या अंगावर कोसळली. मी तिच्यावर, ती माझ्यावर, आमचा ढीग. गुणवंतराव धावत आले. त्यांनी बायकोचं बोट दाबून वर धरायला लावलं, मुलीचे पाय उशीवर ठेवले, पंखा लावला, मला बाजूला केलं. हे सगळं इतक्या शांतपणे, की स्वयंपाकघरात भात करपलासुद्धा नाही. समीक्षा शुद्धीवर आल्यावर ते तिला म्हणाले, "काळजी करू नकोस, पहिल्या वर्षी सगळ्याच डॉक्टरांना असं होतं."

समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर कायमच हसू असतं, तो माझा नाइलाज आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

धर्मेशभाईंना एक मुलगी होती, नीलम. समीक्षाच्याच वयाची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती मुंबईतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायची. आमच्या इमारतीत लोक तिच्याशी दोनच प्रकारे बोलायचे. एक तर खूप मोठ्याने, नाहीतर अजिबात नाही. समीक्षाने तिसरा प्रकार शोधला. तिने एके दिवशी नीलमला आमच्या हॉलमध्ये आणून बसवलं आणि खुणांनी विचारलं, मला शिकव.

माझ्या बोटांत तारा आहेत, वाकवली की तशीच राहतात. नीलमने मला फळा केलं. माझ्या उजव्या हाताची तर्जनी माझ्या डाव्या अंगठ्याला टेकवली, तो झाला 'ए'. तर्जनीला टेकवली, 'ई'. असं करत माझ्या दहा बोटांवर समीक्षा ती भाषा शिकली. नुसती अक्षरं नव्हेत. तोंड कसं करायचं, भुवया कधी उचलायच्या, रागावलेली खूण आणि लाडिक खूण यांत काय फरक, सगळं. दोघी तासन्‌तास बसायच्या. कधी हातांनी भांडायच्या, कधी हातांनी धर्मेशभाईंची नक्कल करायच्या आणि हसून लोळायच्या. जी मुलगी क्लॅव्हिकल विसरायची, तिला शंभर खुणा एकदा दाखवून पाठ व्हायच्या.

गुणवंतराव बाहेरून यायचे, घरात शांतता, दोन मुली सांगाड्याच्या हाताशी डोकं खुपसून बसलेल्या. ते चपला हातात घेऊन पावलं न वाजवता आत जायचे आणि बायकोच्या कानात सांगायचे, "बोटांची हाडं चाललीयेत. सत्तावीस असतात एका हातात. किती तल्लीन झालीय बघ!"

वहिनींना सगळं माहीत होतं. त्या म्हणायच्या, "हो, फार तल्लीन झालीय," आणि फोडणी द्यायच्या.

समीक्षाने बापाला खरं का सांगितलं नाही? तिने प्रयत्न केला होता. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मला बहुतेक सायन्स नकोय." गुणवंतरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. फक्त "बरं" म्हणाले आणि पानावरून उठले. सकाळी ब्रश घेऊन आले आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "ही कोण?" त्यानंतर समीक्षाने विषय काढला नाही. ओरडणाऱ्या बापाशी भांडता येतं. भरल्या ताटावरून गुपचूप उठणाऱ्या बापाचं काय करायचं?

दहावी झाली. निकाल लागायचा होता, आणि शाळेने 'दहावीनंतर काय?' असा मेळावा ठेवला. गुणवंतरावांनी स्वतःहून जाऊन सांगितलं, "आमच्याकडे सांगाडा आहे, आणू का?" अशी विचारणा शाळेला आधी कोणी केली नसावी. शाळा हो म्हणाली.

मी पुन्हा रिक्षातून निघालो, या वेळी नवी ओढणी लपेटून, म्हणजे रस्त्यावर कोणी घाबरू नये. सिग्नलला एका बाईंनी वहिनींना विचारलं, "सासूबाई का?"

शाळेच्या सभागृहात तीन टेबलं मांडली होती. सायन्सच्या टेबलामागे, व्यासपीठाच्या कडेवर मला उभं केलं, गळ्यात स्टेथोस्कोप. कॉमर्सच्या टेबलावर कॅल्क्युलेटर. आर्ट्सच्या टेबलावर काय ठेवावं हे कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून फुलदाणी ठेवली होती. तीही मुख्याध्यापकांच्या केबिनमधून आणलेली, धूळ न पुसता.

शाळेच्या समुपदेशक मृणालिनी मॅडम एका कोपऱ्यात बसून मुलांशी एकेक करून बोलत होत्या. त्यांच्याकडे गर्दी नव्हती. गर्दी होती व्यासपीठाकडे, कारण तिथे चंदन सर आले होते. कुठल्याशा कोचिंग क्लासचे. केस उभे, बूट चकचकीत, हातात माइक, आणि टेबलावर स्वतःच्या क्लासच्या गुळगुळीत माहितीपत्रकांचा गठ्ठा.

"दोस्तांनो, साधा हिशेब!" ते ओरडले. "सायन्समधून कुठेही जाता येतं. कॉमर्समधून बँकेत जाता येतं. आणि आर्ट्समधून? आर्ट्समधून सरळ घरी!"

पालक हसले. गुणवंतराव पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. समीक्षा मान खाली घालून बसली होती आणि सरांचं बोलणं मांडीवरच नीलमला हातांनी सांगत होती. नीलम तिच्या शेजारी, आणि नीलमपलीकडे धर्मेशभाई. ते नुसतेच सोबत म्हणून आले होते, कारण नीलमचं सगळं ठरलेलं होतं. ती दुकानात बसणार होती.

"काही प्रश्न?" चंदन सरांनी विचारलं.

नीलमने हात वर केला.

"हां बेटा, बोलो!"

नीलम उभी राहिली आणि बोलायला लागली, हातांनी. चंदन सरांनी माइक झटकून पाहिला, जणू बिघाड त्यात आहे. धर्मेशभाई घाईघाईने उठले.

"साहेब, मारी दीकरी ऐकत नाय. सॉरी हां. बैस, बेटा, बैस."

"अच्छा, अच्छा," चंदन सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "हिच्यासाठी पण खूप काही असतं. शिवणकाम, मेणबत्त्या वगैरे..."

समीक्षा ताडकन उठली. खाली उभं राहून कोणाला दिसणार नाही म्हणून ती खुर्चीवरच चढली.

"ती विचारतेय," समीक्षा म्हणाली, "तिला सायन्स घ्यायचंय. तिला लॅबमध्ये काम करायचंय, जिथे... जिथे रक्त तपासतात." इथे समीक्षा जराशी डुलली, पण पडली नाही. "शिकवणारे बोलतील ते तिला कसं कळणार? कॉलेजने त्यासाठी काय सोय करायची असते? हे इथे कोणी सांगेल का? आणि ती म्हणतेय, शिवणकामाचं म्हणाल तर तिने शिवलेली पिशवी तुम्ही पाहिलेली नाही."

पाठीमागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मृणालिनी मॅडम कोपऱ्यातून उठून पुढे आल्या. त्या थेट नीलमकडे बघून बोलू लागल्या. सायन्स घेता येतं, सोपं जाणार नाही, कॉलेजशी आधीच बोलून ठेवावं लागेल, दुभाषी मागता येतो, परीक्षेत सवलती असतात, लॅबची कामं शिकवणारे अभ्यासक्रम बारावीनंतर आहेत. त्या बोलत होत्या आणि समीक्षाचे हात त्यांच्या मागोमाग चालत होते. थांबत नव्हते, अडखळत नव्हते. मध्येच नीलमने काही विचारलं, समीक्षाने ते मॅडमना सांगितलं, मॅडम उत्तरल्या, ते परत हातांत गेलं. सगळं सभागृह टेनिसची मॅच बघावी तसं माना फिरवत होतं.

धर्मेशभाई समीक्षाची ओढणी ओढत हळूच म्हणाले, "बेटा, तिला विचार ना, दुकान आवडत नाय तिला?"

हा प्रश्न त्यांनी मुलीला पहिल्यांदाच विचारला असावा. नीलमने उत्तर दिलं आणि समीक्षाने सांगितलं, "म्हणते, दुकान आवडतं. पण भांडी बघायला मायक्रोस्कोप लागत नाही."

धर्मेशभाई हसले, मग त्यांनी डोळे पुसले, मग पुन्हा हसले.

मी गुणवंतरावांकडे पाहत होतो. टाळी वाजवायला उचललेले त्यांचे हात तसेच हवेत राहिले होते.

चंदन सरांना हे सगळं काही पसंत पडलं नाही. माइक त्यांच्या हातात, आणि लोक बघतायत भलतीकडे! "चला, दोस्तांनो, मुद्द्यावर येऊ!" असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर जोरात हात टाकला आणि मला पुढे ओढलं. "असली करिअर म्हणजे हे!" माझ्या स्टँडचं चाक माइकच्या वायरीत अडकलं. सर पुढे, मी मागे, मग मी पुढे आणि सर खाली. व्यासपीठ फार उंच नव्हतं, पण मी बरोब्बर त्यांच्यावर पडलो. माझ्या बरगड्या मुख्याध्यापकांच्या पायांपर्यंत घरंगळत गेल्या. कवटी आर्ट्सच्या टेबलाखाली.

"मेलो! हात! माझा हात!" चंदन सर ओरडले. कोपराला खरचटून रक्त आलं होतं. समीक्षाने ते पाहिलं आणि अलगद नीलमच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचं काम झालेलं होतं.

"कोणी हात ओढू नका!" हा आवाज गुणवंतरावांचा होता. मी तो आवाज त्या खवणीच्या रविवारनंतर प्रथमच ऐकला. ते गुडघ्यांवर बसले होते. "पालथे पडताना हात टेकलात ना? बोटं हलतायत? छान. अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय? मग बहुतेक स्कॅफॉइड, नाहीतर रेडियसचं खालचं टोक. एक्स-रे काढायला लागेल. शुभदा, ओढणी दे."

त्यांनी टेबलावरची माहितीपत्रकं उचलली, घट्ट गुंडाळी केली, चंदन सरांच्या हाताखाली लावली आणि ओढणीने अशी काही झोळी बांधली की मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. त्या माहितीपत्रकांचा त्या दिवशी झालेला तो एकमेव उपयोग. संध्याकाळी निरोप आला, स्कॅफॉइडच होतं.

मेळावा पांगल्यावर मृणालिनी मॅडमनी मयेकर कुटुंबाला शिक्षकांच्या खोलीत बसवलं. मी प्लास्टिकच्या पिशवीत, गुणवंतरावांच्या मांडीवर. कवटी टेबलावर, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

"मयेकर, तुम्ही हे कुठे शिकलात?" मॅडमनी विचारलं.

"असंच. वाचून. पाहून. कुतूहल."

"मग तुम्ही स्वतः का नाही गेलात या वाटेला?"

गुणवंतरावांनी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. "कॉमर्सचं कॉलेज घराला लागून होतं," ते म्हणाले. "वडील म्हणाले, सायन्सचं लांब आहे, रस्ता ओलांडायला लागतो."

खोलीत कोणी हसलं नाही. वहिनींनी तर हे लग्नापासून आज पहिल्यांदा ऐकलं.

"समीक्षा, तुला काय आवडतं ते बाबांना सांगितलंस?" मॅडम म्हणाल्या.

"आज सांगितलं की," समीक्षा पुटपुटली. "सगळ्यांसमोर."

"पण मॅडम, हातवारे करून पोट भरतं का?" गुणवंतराव म्हणाले.

"दुभाषी लागतात हो. कोर्टात, कॉलेजात, बातम्यांत. आणि पुरेसे मिळत नाहीत. त्याचा डिप्लोमा बारावीनंतर होतो. आत्ता आर्ट्स घेऊ दे, मानसशास्त्र आणि भाषा. दोन वर्षांत तिचं मन बदललं तर दुसरीकडे वळता येईल असेच विषय निवडू. पंधराव्या वर्षी कोणाला जन्माचं ठरवायला लावू नये." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या खिडकीवर कधी ऐकू न येणारा पेशंट येतो का?"

गुणवंतरावांनी टेबलावरची कवटी, म्हणजे मला, स्वतःकडे वळवलं.

"एक गृहस्थ आले होते," ते म्हणाले. "बायको अ‍ॅडमिट होती. ते काहीतरी विचारत होते आणि मला कळत नव्हतं. मागे रांग. मी त्यांच्याशी मोठ्याने बोललो. कळलं नाही म्हणून अजून मोठ्याने. शेवटी ते हात जोडून निघून गेले. काय विचारायचं होतं त्यांना, कोण जाणे."

दुसऱ्या सकाळी गुणवंतराव ब्रश घेऊन आले, पण माझ्यासमोर उभे न राहता बेसिनपाशीच दात घासले. हाडांची आरती बंद झाली. समीक्षा घाबरली. वहिनी म्हणाल्या, "थांब. मुरू दे." लोणच्याबद्दल बोलावं तसं.

आणि मुरलं. दोनेक दिवसांनी गुणवंतरावांनी स्वतः चहा केला, एक कप समीक्षासमोर ठेवला, आणि खुर्ची ओढून बसले.

"समी," ते म्हणाले, "'तुमचा पेशंट बरा झाला, आता घरी नेऊ शकता', हे हाताने कसं सांगायचं?"

समीक्षाने चहाला हात लावला नाही. तिने बापाचे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट नीट वाकवत दाखवू लागली. बोटं माझ्यासारखी ऐकत नव्हती, ताठ होती. तरी तिने सोडलं नाही.

समीक्षा आता आर्ट्सला आहे. कॉलेजात तिच्या वर्गातली मुलं तिच्याकडून खुणा शिकतात, मुख्यतः लेक्चर चालू असताना मागच्या बाकावरून गप्पा मारता याव्यात म्हणून. गुणवंतराव दर रविवारी प्रथमोपचाराच्या वर्गाला जातात आणि सोमवारी सगळ्या मजल्यांवरच्या लोकांना विनाकारण बँडेज बांधतात.

आणि मी? मी घर बदललंय. अंतर तसं एका उंबऱ्याचं. धर्मेशभाईंच्या हॉलमध्ये आहे, कारण नीलमने सायन्स घेतलं आणि तिला मी लागतो. वहिनींनी माझ्या बरगड्या चिकटवल्या, त्यात एक उलटी बसली. नीलमने ती पहिल्याच दिवशी ओळखली. धर्मेशभाईंनी मला बांधणीचा फेटा बांधलाय. संध्याकाळी गुणवंतराव नीलमला हाडं शिकवायला येतात, स्वतः खुणा करून. परवा त्यांनी पाठीचा कणा समजावला, तर नीलम सोफ्यावरून खाली पडली. समीक्षा दारातून म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्ता म्हणालात की माकड शिडीवर झोपलंय." गुणवंतराव म्हणाले, "बरं, मग पुन्हा करतो." त्यांनी पुन्हा केलं. माकड अजून झोपलेलंच होतं, पण नीलमला कणा कळला.

तुमच्या घरात दहावीचं पोर असेल, तर मला घरी आणायची गरज नाही. जागा फार लागते आणि धूळ बसते. त्याच्यासमोर बसा, काय आवडतं ते विचारा, आणि विचारून झाल्यावर त्याचं बोलणं पुरतं होईस्तोवर मध्ये बोलू नका. मी कितीएक वर्षं हेच करतोय. आणि बघा ना, मला तर कानही नाहीत.